लष्करी ब्रासमध्ये पावडर किती कमी घालायची? आधी पुंगळीत पाणी भरून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही टेक्सासमध्ये राहता, .३०८ विंचेस्टरची बोल्ट-ॲक्शन रायफल आहे आणि विंचेस्टरच्या ब्रासमध्ये, म्हणजे पितळी पुंगळ्यांत, स्वतः काडतुसं भरता. ओळखीच्या एकाने लेक सिटी या अमेरिकी लष्करी कारखान्याच्या, एकदा उडवलेल्या पुंगळ्यांची बादली दिली. तुम्ही तीच पावडर, तेवढंच वजन आणि तीच १६८ ग्रेनची बुलेट (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) वापरलीत, पण या वेळी बोल्ट उघडायला जड गेला आणि प्रायमर (बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोप्या) चपटे झाले. रेंजवर एकाने सांगितलं, ‘लष्करी ब्रास आहे, दोन ग्रेन कमी कर.’ दुसरा म्हणाला, ‘ब्रासने काही फरक पडत नाही.’ आता कोणाचं ऐकायचं? शिवाय उरलेल्या ब्रासमधून .२४३ बनवता येईल का?

आधी तातडीचं. त्या भरणीची जी काडतुसं शिल्लक आहेत ती उडवू नका. ‘थोडीच आहेत, संपवून टाकू’ हा विचार मनात येतोच, तो बाजूला ठेवा. बुलेट-पुलरने बुलेट काढा, पावडर वेगळी करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. एक संध्याकाळ जाईल, एवढंच.

हे उत्तर अमेरिकेतल्या, घरी कायदेशीररीत्या काडतुसं भरणाऱ्या माणसासाठी आहे. भारतातून कोणी वाचत असेल तर लक्षात असू द्या, तिथे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसं भरण्याचा परवाना नव्हे.

आता मूळ मुद्दा. तुमची अडचण ‘जाड ब्रास’ अशी वाटते, पण जाडीला स्वतःचा असा काही दोष नाही. अडचण आतल्या जागेची आहे. पुंगळीचं बाहेरचं माप चेंबरने, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीने, ठरवलेलं असतं, त्यात बदल करायला वाव नाही. मग भिंत आणि बूड जाड केलं की ती जाडी आतूनच जागा खाते. टपरीवरचा जाड बुडाचा कटिंगचा ग्लास बाहेरून भरघोस दिसतो आणि चहा दोन घोटांत संपतो, तसंच. जागा कमी आणि पावडर तेवढीच, म्हणजे दाब जास्त. बुलेट हलायला लागायच्या आतच दाब वर जातो, आणि धूररहित पावडरचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. त्यामुळे जागेत झालेली थोडीशी घट दाबात त्याहून मोठी होऊन दिसते.

आकड्यांत बघू. .३०८ ची विंचेस्टरची रिकामी पुंगळी साधारण १५५ ते १६० ग्रेन भरते. लेक सिटीची ७.६२×५१ ची (.३०८ च्या लष्करी रूपाची) पुंगळी साधारण १७५ ते १८५. समजा दोघींत २० ग्रेनचा फरक आहे. पितळेची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठ पट असते, म्हणजे २० ग्रेन जादा पितळेने सुमारे २.३ ग्रेन पाण्याची जागा व्यापली. या काडतुसाची एकूण क्षमता साधारण ५६ ग्रेन पाण्याच्या आसपास धरली, तर ही चार टक्क्यांची घट झाली. ऐकायला किरकोळ वाटते. पण .३०८ साठी सामी या अमेरिकेतल्या काडतूस-उद्योगाच्या संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. तुमची भरण आधीच त्या मर्यादेजवळ असेल, तर एवढ्या घटीने दाब काही हजार पीएसआयने वर जाऊ शकतो. तुमच्या प्रश्नातली ‘नेहमीची भरण’ भरणीच्या तक्त्यांच्या पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या किती जवळ होती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की बरीच जवळ असणार. मधल्या पट्ट्यातली भरण असती तर ब्रास बदलल्यावर वेग थोडा वाढला असता, बोल्ट अडला नसता.

तरीही एक शंका दूर करून घ्या. बोल्ट गोळी उडवल्यावर उघडताना जड गेला, की काडतूस आत घालून बंद करतानाच जड जात होता? दोन्हींचा अर्थ वेगळा. बंद करताना जड जात असेल तर पुंगळी तुमच्या चेंबरसाठी नीट साइझ झालेली (डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापाला आणलेली) नाही. खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, पुरेसा मागे गेलेला नाही किंवा बुडाजवळचा भाग फुगलेला राहिला आहे. अशी पुंगळी उघडतानाही चिकटू शकते आणि दाब जास्त असल्याचा भास होतो. बंद करताना सहज आणि उघडताना जड, असं असेल तर दाबच. तुम्ही प्रायमरही चपटे झाल्याचं लिहिलं आहे, म्हणून मी दाबाच्या बाजूने झुकतो. पण नुसत्या प्रायमरवर मी निकाल देत नाही. मऊ कपाचे प्रायमर सौम्य भरणीतही चपटे होतात आणि कडक कपाचे प्रायमर मर्यादा ओलांडली तरी छान गोल दिसतात.

आता ‘दोन ग्रेन कमी कर’ या सल्ल्याकडे येऊ. तो खोटा नाही, अपुरा आहे. कशातून दोन ग्रेन? पुस्तकाने कुठल्या कंपनीच्या पुंगळीत ती भरण तपासली, ते त्याच पानावर लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण ती ओळ वाचत नाहीत. पुस्तकवाल्यांनी मुळातच जड पुंगळी वापरली असेल, तर तुमची लेक सिटी त्यांच्या पुंगळीपेक्षा फारशी वेगळी नाही. त्यांनी हलकी वापरली असेल, तर दोन ग्रेनही कदाचित पुरणार नाहीत. शिवाय ‘लष्करी म्हणजे जाड’ हे समीकरणच सरसकट लागू पडत नाही. ७.६२×५१ आणि जुन्या .३०-०६ बाबत ते बऱ्यापैकी खरं आहे. ५.५६ (.२२३ चं लष्करी रूप) मध्ये मात्र लेक सिटीच्या पुंगळीची आतली जागा बाजारातल्या कित्येक .२२३ पुंगळ्यांइतकीच, काहींपेक्षा तर जास्तच भरते. तिथे डोळे झाकून पावडर कमी करणाऱ्याचं नुकसान काही होत नाही, पण त्याने कारण चुकीचं धरलेलं असतं. आणि चुकीचं कारण घेऊन तो पुढच्या काडतुसाकडे जातो. उलट नागरी बाजारातल्या काही नामांकित कंपन्यांची .३०८ पुंगळीही चांगली जड असते. बुडावरचा शिक्का बघून जागा कळत नाही.

म्हणून मोजा. पद्धत सोपी आहे. तुमच्याच रायफलमधून उडवलेली, अजून साइझ न केलेली पुंगळी घ्या. वापरलेला प्रायमर आतच राहू द्या, तो खालचं भोक बंद ठेवतो. रिकामी वजन करा. मग ड्रॉपरने पाणी भरा, तोंडाशी पाण्याची पातळी सपाट होईपर्यंत, वर फुगवटा नको आणि खड्डाही नको. आत बुडबुडा अडकला असेल तर टिचकी मारून काढा. पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे ग्रेनमध्ये पाण्याची क्षमता. विंचेस्टरच्या पाच आणि लेक सिटीच्या पाच पुंगळ्या अशा मोजल्या की अर्ध्या तासात तुमच्या हातात तुमचा स्वतःचा आकडा असेल. सगळ्यांची लांबी मात्र सारखी हवी. लांब मानेत दोन थेंब जास्त मावतात आणि हिशेब बिघडतो.

नुसतं वजन करून पुंगळ्या वेगळ्या करणारे पुष्कळ आहेत. मीही पहिली चाळणी तशीच लावतो, कारण ते झटपट होतं. पण वजनाचा काही भाग कडेच्या खाचेत आणि बुडाच्या कडेत असतो, त्याचा आतल्या जागेशी संबंध नसतो. दोन-तीन ग्रेनच्या फरकावर ढीग पाडत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. वीस ग्रेनचा फरक मात्र वजनकाटा तुम्हाला ओरडून सांगेल.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण मला जिची जाडीपेक्षा जास्त काळजी वाटते, ती. ‘एकदा उडवलेली’ म्हणजे कशातून उडवलेली? मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्सजवळचा लेक सिटीचा कारखाना १९४१ पासून लष्करासाठी काडतुसं बनवतोय, आणि त्यातला ७.६२ चा मोठा हिस्सा मशीनगनमधून जातो. मशीनगनचं चेंबर ऐसपैस असतं, धूळ-चिखलातही ती अडू नये म्हणून. बोल्ट आणि खांदा यांच्यामधलं अंतर, ज्याला आपण हेडस्पेस म्हणतो, तेही .३०८ च्या नागरी रायफलपेक्षा जास्त असू शकतं. गोळी उडताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो, बूड मागे सरकतं, आणि मधलं पितळ ताणलं जातं. लष्कराला त्याचं काही नसतं. त्यांची पुंगळी एकदा बाहेर पडली की तिचं काम संपलं. जाड पितळ त्या एका ताणासाठी चांगलंच आहे. आपण मात्र ती उचलतो, डायमध्ये घालून खांदा मागे ढकलतो, पुन्हा उडवतो, आणि ताण पुन्हा त्याच जागी पडतो: बुडाच्या जाड भागाच्या किंचित वर. तिथे आतून गोल खाच पडत जाते आणि एक दिवस पुंगळी तिथेच तुटते. बूड बाहेर येतं, बाकीची नळी चेंबरमध्ये राहते. तुटताना गरम वायू मागे आला तर डोळ्यांवरचा चष्मा तुमचं नशीब ठरवतो.

ही खाच बाहेरून कधी चकचकीत रेघेसारखी दिसते, कधी दिसतच नाही. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवा, टोक अणकुचीदार घासून घ्या आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढत आणा. टोक कुठे अडखळलं तर ती पुंगळी बाद. प्रत्येक पुंगळी तपासा, नमुना घेऊन चालणार नाही, कारण बादलीतल्या सगळ्या पुंगळ्या एकाच हत्यारातून आलेल्या असतीलच असं नाही. शिक्क्यात ‘एलआर’ अक्षरं असलेल्या पुंगळ्या सापडल्या तर त्या वेगळ्या काढा. ती लांब पल्ल्याच्या अचूक काडतुसांची पुंगळी, बहुधा मशीनगनच्या वाटेला न गेलेली.

त्याच बादलीत परदेशी लष्करी ब्रासही मिसळलेला असू शकतो. ‘ओएफव्ही’ असा शिक्का दिसला तर ती आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीची. टेक्सासमधल्या बादलीत भुसावळच्या शेजारचं पितळ सापडलं म्हणून क्षणभर गंमत वाटेल, पण तीही वेगळीच ठेवा. आणि कुठल्याही परदेशी पुंगळीत आधी टॉर्च मारून आत बघा. मध्यभागी एक भोक असेल तर बॉक्सर, आपल्या कामाची. बाजूला दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. ती डायमध्ये घातली की प्रायमर काढायची पिन मोडते आणि पुढची संध्याकाळ नवी पिन शोधण्यात जाते.

तयारीचं बाकीचं लवकर सांगतो. लष्करी प्रायमर भोवतीचं पितळ दाबून पक्का केलेला असतो. तो काढल्यावर उरलेली कडा स्वेजरने दाबा किंवा रीमरने कापा, नाहीतर नवा प्रायमर वाकडा बसतो. मी स्वेजिंग पसंत करतो, कारण कापताना हात जास्त फिरला तर खळगा कायमचा सैल होतो. पहिल्या वेळी साध्या फुल-लेंथ डायने पुंगळी तुमच्या चेंबरमध्ये सहज बसत नसेल तर बुडाजवळ जास्त आवळणारी स्मॉल-बेस डाय वापरा. मशीनगनच्या ब्रासला ती बरेचदा लागते. एकदा तुमच्या चेंबरमधून उडाली की पुढे खांदा फक्त हजारांश इंचाच्या हिशेबात, एक ते दोन, मागे ढकलायचा. डाय शेल-होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवून ‘आणखी थोडी खाली फिरवा’ ही छापील सूचना चेंबर न मोजता पाळली की ब्रास लवकर मरतो. खांद्याचं माप घेणारा कम्पॅरेटर स्वस्त असतो, तो घ्या. लांबी २.०१५ इंचाच्या वर जाऊ देऊ नका, ट्रिम २.००५ ला.

आता भरण. पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून, खरोखर तिथपासून, पुन्हा सुरू करा. तुमच्या जुन्या भरणीतून काही वजा करू नका, तिला विसरा. प्रायमर आणि बुलेट तेच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि या वेळी ती ब्रास आहे. लहान पायऱ्यांनी वर जा, प्रत्येक पायरीला थोडीच काडतुसं भरा आणि क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) लावा. माझ्या अनुभवात .३०८ ला जड ब्रासमध्ये तोच वेग साधारण एक ते दोन ग्रेन कमी पावडरमध्ये मिळतो. रेंजवरच्या त्या माणसाचा ‘दोन ग्रेन’चा सल्ला त्यातूनच आला असणार. पण तो आकडा पायऱ्या चढून शेवटी हाती यायला हवा. आधीच गृहीत धरून तिथून सुरुवात केली तर त्याचा उपयोग नाही.

क्रोनोग्राफ कसा वाचायचा, यात लोक गफलत करतात. दाब मोजायचं साधन आपल्याकडे नसतं, वेग हाच त्याचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. पुस्तकातल्या कमाल भरणीचा वेग तुम्हाला कमी पावडरमध्येच मिळाला, तर तुम्ही कमाल दाबाला पोचलात. पुस्तकाने अजून दीड ग्रेन ‘शिल्लक’ दाखवलं असलं तरी थांबायचं. उलटं मात्र खरं नाही: वेग पुस्तकापेक्षा कमी आहे म्हणून जागा शिल्लक आहे, असं ठरवू नका. पुस्तकातली नळी बहुधा २४ इंची असते. तुमची २० इंची असेल, तर इंचामागे साधारण वीस-पंचवीस फूट प्रति सेकंद एवढा वेग नळीच्या लांबीपायीच गेलेला असतो. तो धरून तुलना करा. आणि जड ब्रासने विंचेस्टरच्या ब्रासचा कमाल वेग गाठायचा हट्ट धरू नका. सारख्या दाबाला लहान जागेतून किंचित कमीच वेग मिळतो. तो फरक निशाण्याच्या कागदावर दिसत नाही, पुंगळीवर दिसतो.

तुम्ही बोल्ट-ॲक्शनबद्दल विचारलं आहे, पण हे उत्तर एम-१ए किंवा गॅरंड या अर्ध-स्वयंचलित रायफलवाल्यांच्याही हाती पडेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. त्यांची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला हलकी ठोकर देते. उंच बसलेला किंवा फार नाजूक प्रायमर तिथे ट्रिगरविना उडू शकतो. म्हणून प्रायमर बुडाच्या पातळीखाली बसलाय ना, हे बोटाने नव्हे तर मोजून बघा, आणि सीसीआय ३४ सारखे कडक लष्करी धाटणीचे प्रायमर वापरा. खांदाही थोडा जास्त, तीन-चार हजारांश, मागे हवा. गॅरंडमध्ये तर पावडरचा जळण्याचा वेगही सांभाळावा लागतो, कारण फार संथ पावडर नळीच्या टोकापाशी जास्त दाब ठेवते आणि ऑपरेटिंग रॉड वाकवते. तिथे फक्त गॅरंडसाठी छापलेल्या भरणीच वापरा.

.२४३ बद्दल. होय, .३०८ च्या कुटुंबातलंच ते काडतूस आहे आणि मान आवळून पुंगळी तयार होते. पण इथे जाडी खरोखर नडते. मान .३० वरून .२४ वर आणली की तेच पितळ लहान घेरात गोळा होतं आणि भिंत आणखी जाड होते; लष्करी ब्रासची मान मुळातच जाड असेल तर अधिकच. भरलेल्या काडतुसाची मान चेंबरमध्ये घट्ट बसली, तर बुलेट सोडायला मानेला फुलायला जागाच उरत नाही आणि दाब एकदम चढतो. मानेची भिंत बाहेरून तासायची, म्हणजे नेक-टर्निंग करायचं, तयारी असेल तरच यात पडा. नंतर प्रत्येक भरलेल्या मानेचा व्यास चेंबरच्या मापापेक्षा दोन-तीन हजारांश तरी कमी आहे का ते बघा. एक सोपी खूण: उडवलेल्या पुंगळीच्या मानेत नवी बुलेट बोटाने सहज शिरली पाहिजे. शिरत नसेल तर ती पुंगळी वापरायची नाही. खरं सांगायचं तर .२४३ चा तयार ब्रास मिळत असताना हा उद्योग हौसेचाच आहे. पैसे वाचवायचे म्हणून करत असाल तर नका करू.

बादली ठेवायची की नाही, हे तुम्हाला काय हवं आहे त्यावर आहे. सरावासाठी भरपूर काडतुसं हवी असतील तर लेक सिटीचा ब्रास उत्तम. बूड मजबूत, प्रायमरचा खळगा बऱ्याच भरणी टिकतो. लांब पल्ल्याची स्पर्धा खेळायची असेल तर एकाच लॉटचा नवा नागरी ब्रास घ्या, तुमचा वेळ वाचेल. दोन्ही ठेवणार असाल तर डबे वेगळे, लेबलं वेगळी, आणि लेबलावर भरणीसोबत ब्रासचा शिक्काही लिहा. तुमच्या बाबतीत जे घडलं ते पावडरच्या डब्यामुळे नाही, दोन ब्रास एकाच भरणीखाली आल्यामुळे घडलं.

बाद केलेल्या पुंगळ्यांची तोंडं पक्कडने चेपून मगच भंगारात टाका. नुसत्या कोपऱ्यात ठेवल्या तर सहा महिन्यांनी कोणीतरी, बहुधा तुम्हीच, त्या चांगल्या समजून उचलाल. क्षमता मोजलीत की दोन्ही ब्रासचे आकडे आणि पुस्तकात लिहिलेलं पुंगळीचं नाव इथे टाका. मग वर जायला किती वाव आहे ते बघू.